मांगरातलं कोकम आणि बँकेची फाईल: सतरा महिन्यांचा हिशेब

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे शेतघरात, कोकम प्रक्रिया उद्योग उभा राहिला. एप्रिल २०२४ मध्ये चाचणीचा पहिला घाणा घातला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बँकेचा पहिला हप्ता गेला. मधल्या सतरा महिन्यांत कुठला कागद कधी लागला, पैसे कुठे गेले आणि काय अडलं, ते क्रमाने लिहिते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, या योजनेतून हे कर्ज घेतलं. आकडे मी अर्ज केला तेव्हाचे आहेत. तुम्ही अर्ज कराल तेव्हा चालू नियम पाहूनच घ्या.

एप्रिल-मे २०२४: अर्जाच्या आधीचं काम

या योजनेतलं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगासाठी आहे. आधीच सुरू असलेला धंदा यात बसत नाही. म्हणून पहिल्या वर्षी विक्री केली नाही आणि उद्यम नोंदणीही (लघुउद्योगाची सरकारी नोंद) केली नाही. घरीच ६० किलो रातांब्यांचे (कोकमच्या फळांचे) तीन घाणे घालून अमृत कोकमच्या, म्हणजे कोकमच्या गोड पाकाच्या, ७५ बाटल्या केल्या आणि मालवण, कणकवली आणि महामार्गालगतच्या २२ दुकानांत नमुना म्हणून दिल्या. पंधरा दिवसांनी परत जाऊन प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारले: चव कशी वाटली, कुठल्या भावाला खपेल, आणि तुमचं कमिशन किती? उत्तरं तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहिली. सात दुकानदारांनी "माल आल्यास घेऊ" असं लेटरहेडवर लिहून दिलं. पुढे बँकेत सगळ्यात जास्त वेळ याच सात कागदांवर बोलणं झालं.

अनोळखी दुकानात जाऊन बोलणं पहिल्या दिवशी फार जड गेलं. दुपारी अडीचला, दुकानदार जेवून गल्ल्यावर बसतो तेव्हा, तो निवांत बोलतो. सकाळी दहाला गेलात तर तो माल लावत असतो आणि मे महिन्यात संध्याकाळी पर्यटकांची गर्दी असते. हे कळल्यावर निम्मं ओझं उतरलं.

जून ते सप्टेंबर २०२४: सातबारा

कोकणात उद्योगाची फाईल अडते ती बहुतेक जागेवर. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली चार माणसं हयात नाहीत आणि बाकीच्यांतली निम्मी मुंबईत. मांगर वापरात आमच्या, पण जमीन सामाईक. बँकेला एकतर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, नाहीतर एकट्याच्या मालकीच्या जागेचा नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तोही कर्ज फिटेपर्यंतच्या मुदतीचा. अकरा महिन्यांचा करार चालत नाही.

मयत चौघांची वारस नोंद आधी करून घ्यावी लागली. मृत्यू दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे दिलं, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मग मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. दोन मृत्यू दाखले मुंबईहून यायचे होते, त्यामुळे सगळं मिळून नऊ आठवडे लागले. हे काम पावसाळ्यात उरकून ठेवलं हे बरं झालं.

सह्या घेतल्या त्या गणपतीत. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. चाकरमानी पाच दिवस घरात असतात, आधार कार्ड खिशात असतं आणि बोलायला सवड असते. संमतीपत्राचा मसुदा महिनाभर आधी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता, म्हणून कुणी ऐनवेळी बिचकलं नाही. एका चुलत सासऱ्यांनी मात्र विचारलंच, "सही करतंय, पण कर्ज बुडला तर जमीन जातली काय?" प्रश्न रास्त होता. दहा लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. संमती फक्त जागा वापरण्याची असते, गहाणाची नाही. हे वाक्यच मसुद्यात घातलं आणि मग सही झाली. तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर काम झालं. ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना पाचशेचा लागतो.

ग्रामपंचायतीतून तीन कागद घेतले: ना हरकत दाखला, नमुना ८चा उतारा आणि गाव ग्रामीण क्षेत्रात असल्याचा लोकसंख्या दाखला. तिसरा बहुतेकजण विसरतात. ग्रामीण भागासाठी अनुदान जास्त आहे, ते या एका दाखल्यावर ठरतं.

१९ सप्टेंबर २०२४: ऑनलाईन अर्ज

अर्ज फुकट आहे. "दहा टक्के द्या, मंजुरी आणून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा दाखला, लोकसंख्या दाखला आणि प्रकल्प अहवाल अपलोड करायचा. उत्पादन उद्योगाला प्रकल्पाची कमाल मर्यादा ५० लाख आहे. दहा लाखांच्या वरच्या प्रकल्पाला किमान आठवी पास लागतं. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरशः एक हवं. लग्नानंतर एकच बदललं असेल तर अर्ज करण्यापूर्वी दुरुस्त करा. स्वतःचा सिबिल अहवालही (आपल्या जुन्या कर्जफेडीची नोंद) आधी काढून पाहा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो.

आमचा प्रकल्प आठ लाखांचा होता. महिला अर्जदार ग्रामीण भागात असेल तर स्वतःचा वाटा ५ टक्के आणि अनुदान ३५ टक्के. म्हणजे ४०,००० रुपये आपले, ७,६०,००० बँकेचे आणि त्यापोटी २,८०,००० अनुदान. खुल्या प्रवर्गातल्या पुरुष अर्जदाराला ग्रामीण भागात हेच १० आणि २५ टक्के होतं.

ऑक्टोबर २०२४: केबिनमधला प्रश्न

जिल्ह्यातून अर्ज बँकेकडे गेला आणि ८ ऑक्टोबरला शाखेतून बोलावणं आलं. प्रकल्प अहवाल मी तीन हजार रुपये देऊन करून घेतला होता. बांधणी छान, आलेख रंगीत. शाखाधिकाऱ्यांनी दुसरंच पान उघडलं.

"मॅडम, यात वर्षाला तीनशे दिवस उत्पादन दाखवलंय. रातांबे तीनशे दिवस मिळतात?"

मिळत नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाऊस लागेपर्यंत जेमतेम पन्नास दिवस. तो अहवाल कुठल्यातरी मसाला कांडपाच्या अहवालावरून उचललेला होता.

"बरं, एका बाटलीला खर्च किती येतो?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी फाईल मिटली आणि शांतपणे म्हणाले, "हे काढून या, मग बोलू." घरी येईपर्यंत डोळ्यांसमोर तो प्रश्नच होता. ७५ बाटल्या स्वतःच्या हाताने भरल्या होत्या, तरी उत्तर नव्हतं.

पुढचे सहा दिवस वही घेऊन बसले. तो हिशेब इथे जसाच्या तसा देते, कारण अशा कुठल्याही फाईलचा खरा गाभा हाच असतो.

एका घाण्याला २० किलो रातांबे. बिया आणि गर काढून साल उरते साधारण १० किलो. सालीच्या दुप्पट साखर, म्हणजे २० किलो. यातून ७०० मिलीच्या २५ बाटल्या. रातांबे ४० रुपये किलोने ८००, साखर ४४ ने ८८०, मीठ-जिरं ४५, बाटली-झाकण १४ प्रमाणे ३५०, लेबल ४ प्रमाणे १००, मजुरी ५००, वीज-पाणी २००, खोके ७५. एकूण २,९५० रुपये. पंचवीसने भागलं तर ११८ येतात. पण दर घाण्याला दोनेक बाटल्या गळती, फूट आणि नमुन्यात जातात, म्हणून भागायचं तेवीसने. म्हणजे १२८ रुपये.

छापील किंमत २२०. दुकानदाराचं कमिशन २५ टक्के, म्हणजे ५५. हातात १६५. वाहतूक ६. उरले १५९, त्यातून १२८ वजा केले की बाटलीमागे ३१ रुपये. हप्ता आणि खेळत्या भांडवलावरचं व्याज धरून महिन्याला ९,३०० रुपये बँकेला जाणार, म्हणजे महिन्याला ३०० बाटल्या खपल्या तर फक्त बँक भागते. वर्षाला ३,६०० बाटल्या, १५७ घाणे, ३,१४० किलो रातांबे, आणि हे सगळं पन्नास दिवसांत.

इथे दुसरी चूक सापडली. एवढ्या रातांब्यांना १,२५,६०० रुपये, साखरेला १,३८,१६० आणि मजुरीला ७८,५०० लागतात. तीन लाखांच्या वर रक्कम दोन महिन्यांत बाहेर जाते आणि परत यायला वर्ष लागतं. जुन्या अहवालात खेळतं भांडवल होतं १,२०,०००. यंत्रं होती साडेपाच लाखांची, त्यात आपोआप बाटल्या भरणारं एक मशीन. पन्नास दिवसांच्या धंद्याला ते नकोच होतं. ते काढून हाताने भरायचं यंत्र घेतलं आणि बाटल्यांऐवजी फूडग्रेड ड्रम वाढवले. हंगामात ड्रम भरून ठेवायचे आणि मागणीप्रमाणे बाटल्या भरायच्या. त्यामुळे बाटल्या-लेबलांचे पैसे हंगामात अडकत नाहीत. नवा हिशेब असा झाला: यंत्रं ४,२०,०००, मांगर दुरुस्ती १,३०,०००, खेळतं भांडवल २,५०,०००. वरची तूट मे महिन्यातल्या पर्यटकांच्या विक्रीतून भरायची. खेळतं भांडवल प्रकल्पाच्या ४० टक्क्यांपर्यंत चालतं आणि जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत.

हे चार पानांचं हस्तलिखित घेऊन १५ ऑक्टोबरला गेले. अहवाल कुणाकडूनही टाईप करून घ्या, पण त्यातला प्रत्येक आकडा तुमच्या वहीतून आलेला असू द्या. माझं बोलणं त्या दिवशी बदललं ते सरावाने नाही. विचारलेल्या प्रत्येक आकड्याच्या मागे काय आहे ते माहीत होतं म्हणून बदललं.

नोव्हेंबर-डिसेंबर: वाट पाहणं

१५ ऑक्टोबरलाच विधानसभेची आचारसंहिता लागली. मग दिवाळी, मग २० नोव्हेंबरचं मतदान. जागेची पाहणी झाली २७ नोव्हेंबरला. या काळात मनाची फार ओढाताण होते. उपयोगी पडली ती एक वही. प्रत्येक फेरीची तारीख, कुठल्या टेबलावर काय सांगितलं आणि पुढचं पाऊल कुणाचं, एवढंच लिहायचं. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. "माझ्या फाईलचं काय झालं?" असं विचारलं की "चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. "२७ तारखेला पाहणी झाली, अहवाल विभागीय कार्यालयात गेला का?" असं विचारलं की माणूस उठून कपाट उघडतो. पंधरा दिवसांतून एकदा जायचं, सोमवारी आणि महिनाअखेरीस मुळीच नाही.

मंजुरी आली ६ जानेवारी २०२५ रोजी.

जानेवारी ते मार्च २०२५: प्रशिक्षण आणि पैसे

पाच लाखांच्या वरच्या प्रकल्पाला दहा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं होतं. ते पूर्ण झाल्याशिवाय अनुदानाची मागणी पुढे जात नाही. १३ ते २४ जानेवारी या काळात ते झालं. जमाखर्च, उधारी वसुली आणि जीएसटी या तीन दिवसांचं वजन बाकी सगळ्यापेक्षा जास्त होतं. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी परराज्यात, म्हणजे अगदी बांद्याच्या पलीकडे गोव्यात, माल विकायचा तर जीएसटी नोंदणी लागते, हे तिथे कळलं. आमच्या भागात हा प्रश्न प्रत्येकाला येतो.

याच सुमारास उद्यम नोंदणी केली. ती मोफत आहे आणि फक्त सरकारी संकेतस्थळावरच होते. हुबेहूब दिसणारी पैसे मागणारी पानंही आहेत, पत्ता नीट वाचा.

कर्ज कधी उचलायचं, हा कोकणातल्या हंगामी धंद्यातला सगळ्यात मोलाचा निर्णय आहे. बँकेने हप्त्याला सहा महिन्यांची सवलत दिली होती. जूनमध्ये कर्ज उचललं असतं तर सवलत डिसेंबरात संपून पहिला रातांबा दिसायच्या आधी चार हप्ते गेले असते. मंजुरी जानेवारीत असूनही रक्कम २० फेब्रुवारीला उचलली, म्हणजे यंत्रं हंगामाच्या तोंडावर येतील. आंबा, काजू, मासळी, ज्याचा हंगाम असेल त्यावरून मागे मोजत या आणि अर्जाची तारीख ठरवा.

यंत्रांचे पैसे बँक थेट पुरवठादाराला देते. आमच्या एका कोटेशनमध्ये जीएसटी आणि वाहतूक धरली नव्हती. ३१,००० रुपये घरातून घालावे लागले. कोटेशनवर "करासह, जागेवर पोच" असं लिहून घ्या.

यंत्रं १८ मार्चला आली आणि बसवायला माणूस मिळेना, कारण गावात शिमगा. थ्री फेज जोडणीचा अर्ज जानेवारीतच दिला होता म्हणून वेळेत मीटर लागला. मांगराच्या जांभ्याच्या भिंतींना आतून गिलावा, खाली फरशी, खिडक्यांना जाळी आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी एवढं करून अन्न सुरक्षा नोंदणी घेतली. उलाढाल तेव्हाच्या १२ लाखांच्या मर्यादेत असल्याने मूळ नोंदणी पुरली, तेव्हा वर्षाला १०० रुपये. चौदा अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर लागतो.

लेबल मात्र दोनदा छापावं लागलं. पहिल्या २,००० लेबलांवर एककाची विक्री किंमत नव्हती. ७०० मिलीला २२० म्हणजे प्रति मिली ०.३१ रुपये, हे छापायला लागतं. नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, बॅच क्रमांक, घटक, शाकाहारी चिन्ह आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन हे तर हवंच. आवेष्टनकार, म्हणजे माल पॅक करणारे, म्हणून वैधमापन विभागाकडे नोंदणी वेगळी, ५०० रुपये. वजनकाट्याची पडताळणीही वेगळी. छापायच्या आधी एकच लेबल काढून जाणकाराला दाखवलं असतं तर आठ हजार वाचले असते.

एप्रिल-मे २०२५: हंगाम

१० एप्रिलला पहिले रातांबे आले. २० मेपर्यंत सगळं नीट चाललं, मग पाऊस लागला. त्या वर्षी मान्सून २५ मेलाच कोकणात उतरला. आमसुलांची तिसरी पुटं (साली रसात भिजवून सुकवायची फेरी) चालू होती. ५५ किलो सोलांना बुरशी आली, ती टाकून दिली. अर्धवट सुकलेली सोलं प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली झाकली की आत वाफ धरते. त्यापेक्षा ड्रायरमध्ये पातळ थरात थोडी थोडी वाचवावी.

पाकाचं नुकसान वेगळं होतं. पावसात भिजलेल्या फळात पाणी जास्त, त्यामुळे नेहमीच्याच प्रमाणात साखर घालूनही पाक पातळ उतरला. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाकातली साखर मोजायचं उपकरण) ६५च्या वर ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, हवा, तो ५८ होता. त्यातल्या एका ड्रमवर चौथ्या दिवशी बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि झाकण उघडताना फुस्स आवाज आला. तो ड्रम आंबला. बाकीच्यांत साखर वाढवून ब्रिक्स ६८ वर नेला, ते टिकले. हे उपकरण दोनेक हजारांत येतं. प्रत्येक ड्रमची नोंद ड्रमवरच मार्करने लिहा: तारीख, सालीचं वजन, साखर, ब्रिक्स. भांडी स्टीलची किंवा फूडग्रेड प्लॅस्टिकची हवीत, कोकमचा आंबटपणा ॲल्युमिनियम आणि लोखंडाला खातो.

३,६०० बाटल्यांचा पाक धरला होता, झाला २,९०० चा. राहिलेल्या रातांब्यांचं मीठ घालून आगळ (खारा रस) केलं, त्याने थोडं सावरलं.

जून ते सप्टेंबर २०२५

अनुदान जुलैत आलं. ते हातात मिळत नाही. बँकेत तीन वर्षं मुदत ठेव म्हणून राहतं, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि प्रत्यक्ष पाहणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. तोवर उद्योग चालू हवा, दारावर योजनेचा फलक हवा आणि खेळत्या भांडवलाचं खातं वापरात हवं. मर्यादेच्या सरासरी ७५ टक्के तरी वापर दिसला नाही तर तेवढ्या प्रमाणात अनुदान परत जाऊ शकतं. "कर्ज कमी वापरलेलं बरं" म्हणून खातं पडून ठेवणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

धंद्याचं चालू खातं आणि क्यूआर कोड पहिल्या दिवसापासून घरखर्चापासून वेगळा ठेवला. दुकानदार म्हणतात, "ठेवून जा, खपलं की पैसे." पहिला माल तसा दिला, पण एका खोक्याचाच, बिलावर सही घेऊन, तीस दिवसांच्या बोलीवर. दुसरं खोकं पहिल्याचे पैसे आल्यावर. २२ पैकी १३ दुकानं या बोलीवर टिकली.

पहिला हप्ता ५ सप्टेंबरला गेला. तेव्हा खात्यात ४१,२०० रुपये होते आणि मांगरात अकरा ड्रम भरलेले. पुढच्या हंगामाचे ड्रम आणि साखर यांचे भाव जानेवारीत घ्यायचे आहेत. मार्चमध्ये सगळेच मागतात आणि दर चढतात.